टायमिंग चेन बदलली, सकाळची खर्रर्र गेली

सकाळी पहिला स्टार्ट मारला की दोन-तीन सेकंद खर्रर्र, मग चिडीचूप. गाडी टर्बो पेट्रोल, वरून ट्यून केलेली. ऑइल बदलून पाहिलं, फरक शून्य. शेवटी उद्यमनगरात मिस्त्रींकडे नेली. कान लावून म्हणाले, "टेन्शनर गेलाय भावा. ऑइलचं प्रेशर येईस्तोवर चेन सैल मारतीया." टायमिंग चेन म्हणजे पिस्टनच्या दांड्याला (क्रँक) व्हॉल्व्हच्या दांड्याशी (कॅम) जोडणारी साखळी, टेन्शनर तिला ताणून धरतो.

कव्हर उघडलं तर टेन्शनरचा दट्ट्या जवळजवळ पूर्ण बाहेर, चेनला वाट देणाऱ्या गाइडच्या प्लास्टिकवर चेननं पाडलेला खोल चर. चेन दोन-चार दात सरकली असती तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर! म्हणून सुधारित टेन्शनर, चेन, गाइड, क्रँकचा बोल्ट, सगळं नवंच घातलं. तो बोल्ट ताण घेऊन बसतो, जुना परत वापरायचा नाही.

कॅम-क्रँक लॉक करून चेनच्या रंगीत कड्या खुणांवर बसवल्या. मी चावीकडे निघालो, तर मिस्त्रींनी हात धरला. आधी पान्यानं क्रँकचे दोन फेरे, म्हणजे कॅमचा एक. फिरवल्यावर रंगीत कड्या भलतीकडेच! पोटात गोळा आला. "कड्या फकस्त बसवताना, आता त्या बघायच्या न्हाईत, पुलीच्या खुणा बघ." त्या बरोबर जुळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनला स्टार्ट मारला. नुसता एक्झॉस्टचा आवाज.