'व्हेअरफोर' म्हणजे 'कुठे' नाही, 'का'!
शेक्सपिअर वाचताना 'व्हेअरफोर' (wherefore) हा जुना इंग्रजी शब्द दिसला की लगेच 'व्हेअर' समजू नका, 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?' म्हणणारी बाल्कनीतली ज्युलिएट रोमिओला शोधत नाहीये, ती विचारतेय की तू रोमिओच का आहेस, नेमका दुश्मनाच्याच घराण्यातला का! पुढचं वाक्य बघा ना, बापाला नाकार, नाव सोड म्हणते, तिथे 'कुठे' बसेल का?

सोपी ट्रिक म्हणजे 'देअरफोर' आठवायचा, तो 'म्हणून' आणि त्याचा प्रश्न 'व्हेअरफोर', म्हणजे का किंवा कशासाठी. पण १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये (बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात) प्रश्न नसेल तिथे हाच शब्द चक्क 'म्हणून' या अर्थाने येतो, त्यामुळे आधी प्रश्नचिन्ह आहे का ते बघायचं आणि मगच अर्थ लावायचा. 'कुठून'साठी 'व्हेन्स', 'कुठे चाललास'साठी 'व्हिदर', ते वेगळे.