मुलाला कुणीतरी घेऊन येतं

मोठी माणसं बहुतेक वेळा स्वतःहून येतात. मुलाला मात्र कुणीतरी घेऊन येतं, आणि कुठे नेतोय हे पुष्कळदा त्याला सांगितलेलंही नसतं. बाल व किशोरवयीन मानसोपचारात नव्याने येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते. तक्रार मोठ्यांची असते. त्रास नेमका कशाचा आहे, हे आपण शोधायचं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आठ वर्षांचा मुलगा, एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही, चिडतो. आईचं ऐकता ऐकताच मी मनात एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) लिहून मोकळी झाले. लक्षणं किमान सहा महिने असावीत, १२ व्या वर्षाआधी सुरू झालेली असावीत, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत, हे निकष मला तोंडपाठ होते. तरी शाळेत चौकशी केली नव्हती. सीनियरांनी विचारलं, तेव्हा फोन केला. बाई म्हणाल्या, "शांत असतो हो. पण बाकावरच डोळा लागतो त्याचा."

पुढच्या भेटीत मी त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. त्याने खेळण्यातले सगळे प्राणी आडवे केले. ससा तेवढा दाराशी उभा.

"हा का नाही झोपला?"

"तो ऐकतोय."

"काय?"

"भांडण संपलं का ते."

निदान बदललं, आणि पुढचं बरंचसं काम आईवडिलांबरोबर झालं.

तेव्हापासून तिन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी मत बनवत नाही. मुलांच्या भावना आणि वागणूक चाचपणारी, रॉबर्ट गुडमन यांची २५ विधानांची एसडीक्यू प्रश्नावली यासाठी हाताशी असू द्या. पालक, शिक्षक आणि ११ वर्षांपुढची मुलं ती वेगवेगळी भरतात. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर वैतागू नका, तिथूनच बोलणं सुरू करा.

वैद्यकीय, मानसशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग, कुठल्याही वाटेने आलात तरी नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी सहकाऱ्याबरोबर आपल्या केसेसची चर्चा, सोडू नका. औषधं लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट: नैराश्यावरची औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर बारीक लक्ष लागतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००४ साली तसा ठळक इशारा दिला आहे.

किशोरवयीन मुलांशी थोडा वेळ एकट्याने बोलायचंच. पण त्याआधी, पालकांसमोर, गोपनीयतेची मर्यादा सांगा: जिवाला धोका किंवा अत्याचार असेल, तर मला गप्प राहता येणार नाही.

आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही. तरी पहिल्यांदा विचारताना माझा आवाज खाली गेला होता. पंधरा वर्षांच्या मुलीला मी विचारलं, "तसलं काही मनात येत नाही ना?" त्या 'ना'ने उत्तर आधीच ठरवून टाकलं. ती लगेच "नाही" म्हणाली. मी थांबले आणि पुन्हा विचारलं, "मरून जावं असं वाटतं का कधी?"

ती खूप वेळ बाहीचा दोरा ओढत राहिली. मी मध्ये बोलले नाही. मग तिने मान हलवली. घरातल्या गोळ्या तिने बाजूला काढून ठेवल्या होत्या. आईला सांगावं लागेल, हे मी तिला सांगितलं. कुठले शब्द वापरायचे ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, आणि मगच आईला आत बोलावलं.