चुंबकाला चिकटलं म्हणजे झालं? चुंबकीय नॅनोकणांचे गुच्छ बनवताना या चुका टाळा

बाटलीला चुंबक लावला, काळा गाळ पाच सेकंदांत भिंतीला जाऊन बसला, वरचं पाणी नितळ झालं आणि सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढले. पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की हे दृश्य मी दरवर्षी पाहते. आणि दरवर्षी मुलांना सांगते, इतक्या चटकन चिकटलं असेल तर आनंद नको, शंका घ्या.

मॅग्नेटाइटचा (चुंबकीय, काळ्या लोह-ऑक्साइडचा) नीट लेप दिलेला, सुटा, १० नॅनोमीटरचा कण हातातल्या चुंबकाला सहजी दाद देत नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के त्याला सतत हलवत ठेवतात. चुंबक जवळ नेला तर फार तर सगळा द्रव एका बाजूला ओढल्यासारखा फुगतो; गाळ वेगळा होत नाही. पाच सेकंदांत वेगळा होतो तो गुठळ्यांचा माल. मी शिकत होते तेव्हा सायट्रिक आम्लाचा लेप दिलेली एक आख्खी बॅच मी सिंकमध्ये ओतली होती, चुंबकाला चिकटत नाही म्हणून. त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपच्या जाळीवर ठेवलेला होता. आठवड्याने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो पाहिला, तर कण एकेक सुटे, एकसारखे. त्या वर्षातला तो माझा सर्वांत चांगला नमुना होता. तो गेल्याची रुखरुख अजून आहे.

गुठळ्यांची एवढी धास्ती का, तर इथे मांडणी हाच सेन्सर आहे. कण एकमेकांच्या किती जवळ आहेत यावर त्यांची चुंबकीय ओढाताण ठरते, आणि त्यावरून बदलत्या चुंबकीय क्षेत्राला ते कसे उत्तर देतात हे ठरतं. म्हणून सुटे कण सिलिकासोबत स्प्रे-ड्रायरमधून (द्रवाचे तुषार गरम हवेत वाळवणाऱ्या यंत्रातून) काढून काही मायक्रोमीटरचे गुच्छ बनवतात. गुच्छ तापला, चिरडला किंवा ओलावला की आतली मांडणी मोडते आणि उत्तर बदलतं. असे गुच्छ डिंकात, रंगात, प्लास्टिकमध्ये मिसळले, तर वस्तू काळीकुट्ट असली तरी बाहेरून वाचता येतात. पण बाटलीतच गुठळ्या झाल्या असतील, तर तुम्ही लिहायच्या आधीच पाटी गिरगटलेली आहे.

सुरुवातीची चूक: मीठ न बघता तोलणं

मॅग्नेटाइट बनतं ते लोहाच्या दोन क्षारांच्या, फेरिक आणि फेरसच्या, द्रावणात अमोनिया घालून. त्यातल्या फेरिक क्लोराइडची बाटली जुलैत उघडी राहिली की आतला पिवळा खडा घामेजतो. मग काटा ५.४१ ग्रॅम दाखवत असला, तरी २० मिलिमोल त्यात नसतात. काही वजन हवेतल्या पाण्याचं असतं. फेरस क्लोराइडचं दुखणं वेगळं. त्याचा रंग फिकट हिरवा हवा. पिवळट-तपकिरी झाला असेल तर त्यातलं बरंच लोह फेरिक होऊन बसलंय, आणि फेरस-फेरिकचं १:२ प्रमाण तिथेच बिघडलं. अमोनिया घालताच द्रव क्षणात काळा व्हायला हवा. तो तांबूस राहिला तर पुढचे दोन दिवस वाया घालवू नका. फेरससाठी मोहरचं मीठ (फेरस अमोनियम सल्फेट) वापरा, १० मिलिमोलला ३.९२ ग्रॅम. ते हवेत जास्त टिकतं आणि कॉलेजच्या कपाटात हमखास असतं. पाणी आधी उकळून गार करा, वरून नायट्रोजन सोडा.

धुवायला डिस्टिल्ड पाणीच घ्या. आमच्याकडे एकदा डिस्टिल्ड संपलं म्हणून कोणीतरी बोअरचं पाणी वापरलं. त्यातल्या कॅल्शियमने सायट्रेटचे हात धरले आणि तासाभरात सगळं खाली बसलं.

वाळवणं

सगळ्यात जास्त नमुने इथे मरतात. ओव्हनमध्ये पाणी उडताना उरलेला पातळ थर कणांना एकमेकांवर ओढतो. नंतर कितीही सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडने हलवा), पिठल्यात एकदा धरलेली गुठळी घोटून मोडत नाही तसंच हे. मुख्य साठा ओलाच ठेवा, मोजणीपुरता चमचाभर वाळवा. वाळवताना कडेला तपकिरी कड दिसली तर मॅग्नेटाइट मॅगेमाइटकडे, म्हणजे त्याच्या जास्त ऑक्सिडीकरण झालेल्या तपकिरी रूपाकडे, निघालंय.

त्या दोघांना एक्स-रे डिफ्रॅक्शनवर वेगळं ओळखणं नॅनो आकारात अवघड. रेषा जवळजवळ एकाच जागी, त्यात पसरट. मॉसबाउअर (लोहाची अवस्था ओळखणारी गॅमा-किरणांची चाचणी) जास्त भरवशाचं. रामनवर (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याच्या चाचणीवर) जाणार असाल तर लेसरची ताकद आधी अगदी कमी ठेवा. जोरात लावला की तो कणांना भाजतो, आलेखावर ६७० cm⁻¹ च्या आसपासचं मॅग्नेटाइटचं शिखर मागे पडतं आणि २२५ व २९० जवळ हेमटाइट (लाल लोह-ऑक्साइड) उगवतं. मुलं म्हणतात, "मॅडम, नमुना खराब निघाला." नमुना चांगला होता, मोजणीने तो बिघडवला.

वाचताना होणाऱ्या चुका

बदलत्या क्षेत्राला नमुना देतो ते उत्तर कॉइल (तारेचं वेटोळं) टिपते. तिच्यातून मिळणारा सिग्नल किती मोठा आहे यावरून दोन नमुन्यांची तुलना करू नका. तो माल किती घातला त्यावर जातो. पाचव्या हार्मोनिकला (लावलेल्या क्षेत्राच्या पाचपट वारंवारतेच्या सिग्नलला) तिसऱ्याने भागा. रिकामी कॉइल मोजून ती वजा केलेली असेल, तर हे गुणोत्तर मालाच्या प्रमाणावर फारसं अवलंबून राहत नाही. ते कणांच्या वागण्याबद्दल बोलतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते: पाण्यातला नमुना मोजून त्यालाच संदर्भ धरायचा आणि मार्कर (वस्तूत मिसळायचे गुच्छ) मात्र रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवात, गाडायचा. पाण्यात १०० नॅनोमीटरचा गुच्छ अख्खाच्या अख्खा फिरू शकतो, साधारण ०.४ मिलिसेकंदात. व्यास दुप्पट झाला तर वेळ आठपट. रेझिन घट्ट झालं की हे फिरणं बंद. उरतं ते कणाच्या आत चुंबकत्वाची दिशा उलटणं, आणि तिथे कणाचं घनफळ घातांकात बसतं. म्हणजे १० नॅनोमीटरऐवजी २० चे कण निघाले, तर उत्तर पूर्ण वेगळं येणार. संदर्भ नमुना त्याच रेझिनमध्ये, त्याच दिवशी ओता. दोन्ही एकाच तापमानाला मोजा. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीतली सकाळ आणि दुपार एक नसते.

प्रत्येक बॅचमधली एक छोटी बाटली तारीख लिहून, न हलवता कपाटात ठेवा. महिन्याने तळाशी किती बसलंय ते बघा, आणि बाटली हलवायच्या आधी वरचा द्रव मोजा.