पीयूसीला गाडी नापास? आधी चिठ्ठी वाचा, मग पाना उचला

कोकणात जुनी पेट्रोल गाडी पीयूसीत (धुराच्या चाचणीत) नापास झाली की सेंटरबाहेरच दोन सल्ले मिळतात: ‘कार्बोरेटर साफ करून घ्या’ किंवा ‘कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेला, बदला’. दोन्ही कधी बरोबर असतात, कधी नुसते महाग. मशीनने दिलेल्या चिठ्ठीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड), एचसी (न जळलेलं पेट्रोल) आणि काही ठिकाणी सीओटू (कार्बन डायऑक्साइड), ओटू (ऑक्सिजन), लॅम्बडाही (हवा-पेट्रोलचं प्रमाण; बरोबर असेल तर १) छापलेले असतात. दोष कुठल्या बाजूला आहे हे त्यातच लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी टाकू नका, फोटो काढून ठेवा.

प्रथम आपली गाडी कुठल्या मर्यादेत बसते ते बघा. बीएस (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या नियमांचा टप्पा) २ च्या आधीच्या चारचाकीला आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ ला सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम. बीएस-४ पासून सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम, शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास दुसरी चाचणी: सीओ ०.२ टक्के आणि लॅम्बडा ०.९७ ते १.०३. गाडीचं बीएस आरसीवर किंवा एमपरिवाहन ॲपवर दिसतं. सेंटरवाल्याने संगणकात तेच धरलंय ना, हे विचारायला लाजू नका. बीएस-३ च्या गाडीला बीएस-४ चं माप लावलं तर गाडीत काही बिघाड नसतानाही ती नापास होऊ शकते.

थंड इंजिन घेऊन जाऊ नका

बाजारपेठेतल्या बाजारपेठेत फिरणारी गाडी नीट तापतच नाही. कॅटमधलं रसायन २५० ते ३०० अंशांच्या पुढे काम सुरू करतं. त्याआधी चांगला कॅटही नापास होईल. रत्नागिरीत असाल तर हातखंब्यापर्यंत जाऊन या, मालवणात असाल तर कसालच्या रस्त्याला वीस मिनिटं तिसऱ्या-चौथ्या गिअरात चालवा. मग रांगेत इंजिन बंद करून अर्धा तास उभं राहू नका. सायलेन्सरमध्ये मशीनची नळी घालण्याआधी दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएम धरा, एसी आणि दिवे बंद करा. काठावर नापास होणाऱ्या बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुटतात.

एवढं करूनही तापमानाचा काटा पाव रेषेच्या वर चढत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप) तपासा. ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायची सवय किनाऱ्यावरच्या कित्येक गॅरेजांत आहे. एमपीएफआय गाडीत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) याचा अर्थ असा की इंजिन अजून थंडच आहे असं ईसीएम (इंजिनाचा संगणक) दिवसभर समजतो आणि जादा पेट्रोल देत राहतो. वरचा रेडिएटर पाइप हाताने बघा. गाडी सुरू केल्या केल्या तो हळूहळू कोमट होऊ लागला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. धड असेल तर पाइप पाच-सात मिनिटं थंड राहतो आणि मग एकदम तापतो.

सीओ जास्त, एचसी ठीक

म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘रिच’ चालतेय.

कार्बोरेटरच्या गाडीत सुरुवात चोकपासून (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) करा. खाऱ्या हवेत चोकची केबल आतून गंजते. नॉब पूर्ण आत गेलेला दिसतो, पण कार्बोरेटरवरची झडप अर्धी मिटलेलीच राहते. एअर फिल्टरचं झाकण काढून झडप डोळ्यांनी बघा, ती सरळ उभी हवी. केबलला तेल सोडून सुटली तर ठीक, नाही तर बदला. त्यानंतर एअर फिल्टर. लाल मातीच्या रस्त्यावर चालणारी गाडी तो पार विटकरी करून टाकते, आणि पावसाळ्यात त्याच धुळीचा चिखल होतो. फिल्टर काढून आकडे पुन्हा घ्या. सीओ लगेच उतरला तर नवा बसवा, झटकून तोच लावू नका. एमपीएफआय गाडीत मात्र जाम फिल्टरने ताकद जाते, सीओ फारसा वाढत नाही, कारण आत जाणारी हवा मोजूनच पेट्रोल सुटतं. तिथे फिल्टरवर सगळा दोष ढकलू नका.

हे दोन्ही बरोबर असेल तरच कार्बोरेटरच्या मिक्श्चर स्क्रूला (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) हात लावा. हलक्या हाताने पूर्ण बंद करा (आवळलात तर टोक खराब होतं), मग दीड ते दोन फेरे उघडा. इथून पुढे मशीन लावून पाव-पाव फेरा फिरवायचा आणि दर वेळी अर्धा मिनिट थांबायचं. कानाने ‘स्लो’ सेट केलेली गाडी ऐकायला गोड लागते, आकड्यांत बहुतेक वेळा रिच निघते. स्क्रू पूर्ण मिटला तरी सीओ उतरत नसेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल योग्य पातळीवर थांबवणारा फ्लोट किंवा नीडल व्हॉल्व्ह बघा. कार्बोरेटर भरून वाहतोय.

आता एक सोपी चाचणी, जी फार कमी जण करतात. गरम इंजिन आयडलवर असताना पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) इंजिनाच्या वरच्या टॅपेट कव्हरवरून ओढून काढा, म्हणजे तो क्रँककेसमधल्या (ऑइलच्या भागातल्या) वाफेऐवजी बाहेरची हवा ओढेल. सीओ निम्म्यावर आला तर दोष कार्बोरेटरचा किंवा इंजेक्टरचा नसून ऑइलचा. छोट्या फेऱ्यांत न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि वाफ होऊन परत इनटेकमध्ये येतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नाकाशी धरा, पेट्रोलचा वास येईल. ऑइल आणि फिल्टर बदला, चाळीस-पन्नास किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालवा आणि मगच पुन्हा मोजा.

एमपीएफआय गाडीत पुढचे तीन संशयित. पहिला मॅप सेन्सरची (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) बारीक रबरी नळी. शिमग्यानंतर झाकून ठेवलेली गाडी गणपतीत उघडली की उंदरांनी बॉनेटखाली संसार थाटलेला असतो, आणि ही नळी त्यांची आवडती. ती फुटली की सेन्सरला बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब दिसतो, ईसीएमला वाटतं ॲक्सिलरेटर दाबलाय, आणि तो पेट्रोल ओततो. हवा गळली की गाडी ‘लीन’ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते हा सरसकट नियम इथे उलटा पडतो. दुसरा, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. साधारणपणे तो थंड, म्हणजे २० अंशांना, दोन ते अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो. गरम इंजिनवरही हजाराच्या वर असेल तर बदला.

तिसरा सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातला ऑक्सिजन बघणारा ऑक्सिजन सेन्सर, आणि यातच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. तो काढून नवा लावण्याआधी डिजिटल मल्टिमीटर त्याच्या सिग्नल वायरला, कनेक्टरच्या मागच्या बाजूने, लावा. वायर सोलू नका. गरम इंजिन, २५०० आरपीएम. आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली व्हायला हवा. सतत ०.८ च्या वर असेल तर सेन्सर खरं बोलतोय, पेट्रोल खरंच जास्त आहे. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून आत पेट्रोल आहे का बघा, इंजेक्टर टपकतात का बघा. सतत ०.२ च्या खाली, आणि चिठ्ठीवर मात्र सीओ जास्त, तर सेन्सर खोटं बोलतोय: एक तर तो मेलाय, किंवा त्याच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर आहे आणि बाहेरची हवा त्याच्यापर्यंत पोहोचतेय.

एचसी जास्त, सीओ कमी

पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. गाडी मिसिंग मारतेय, भले तुम्हाला ते जाणवत नसेल.

रात्री, अंगणातला दिवा मालवून, बॉनेट उघडा. गाडी चालू ठेवून प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर फवारणीच्या बाटलीने पाण्याचं अगदी बारीक तुषार मारा. हात लांब ठेवा, हा हजारो व्होल्टचा मामला आहे. निळे धागे नाचताना दिसले किंवा इंजिन अडखळलं, तर करंट बाहेर पळतोय. हर्णै, वेंगुर्ल्यासारख्या समुद्राला लागून असलेल्या गावांत टोपीवर मिठाचा पातळ थर बसतो, ओल धरतो आणि ठिणगीला वाट देतो. टोपी काढून आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेष दिसली तर पुसण्यात वेळ घालवू नका, टोपी आणि रोटर दोन्ही बदला. प्लगचा गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा: कार्बोरेटरच्या गाड्यांत साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, एमपीएफआयमध्ये बहुतेक १ च्या आसपास.

कुठला सिलिंडर पडलाय हे शोधायला एमपीएफआय गाडीत प्लगची वायर ओढू नका, कॉइल आणि कॅट दोन्हींना धोका. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचं कनेक्टर क्षणभर काढा. इंजिन दबलं तर तो सिलिंडर काम करतोय; फरकच पडला नाही तर दोषी सापडला.

ठिणगी ठीक आणि चिठ्ठीवर ओटूही जास्त असेल तर इनटेकमध्ये हवा शिरतेय. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी यांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी थोडं थोडं सोडा. गळती असलेल्या जागी ते आत ओढलं जातं आणि क्षणभर आयडल बदलतं. पेट्रोल शिंपडून हीच चाचणी करणारे महाभाग आहेत. गरम मॅनिफोल्डवर तसलं धाडस नको. हवाही ठीक असेल तर कॉम्प्रेशन आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) तपासा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप कमी झाला की तो नीट बसत नाही आणि एचसी चढतो.

दोन्ही जास्त

रिच आणि मिसिंग एकदम, किंवा कॅट संपलेला. कॅट गार असताना रबरी हातोडीने हलके ठोका: खुळखुळ वाजला तर आतली वीट (जाळीदार गाभा) फुटलीय, पोकळ वाजला तर सेकंडहँड देणाऱ्याने ती काढून घेतलीय. तसं नसेल तर घाई नको. आधी मिसिंग आणि रिच दुरुस्त करा, मग मोजा. मिसिंग तसंच ठेवून नवा कॅट लावला तर न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जळून वीट वितळते.

चिठ्ठीवर विश्वास ठेवावा का?

सीओटू बघा. चांगल्या इंजिनाचा १३ ते १५ टक्के असतो. सीओ आणि सीओटूची बेरीज १२ च्या खाली असेल तर नमुन्यात बहुधा बाहेरची हवा मिसळलीय आणि सीओ, एचसीचे आकडे खऱ्यापेक्षा कमी आहेत. नळी निदान ३० सेंटिमीटर आत गेली होती का, आणि सायलेन्सर कुजलाय का, हे तपासा. इथे सायलेन्सर बाहेरून मिठाने आणि आतून छोट्या फेऱ्यांत साचलेल्या पाण्याने, असा दोन्हीकडून खाल्ला जातो. जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने टोक दोन-तीन सेकंद दाबा. खालून कुठे फुसफुस ऐकू आली तर तिथे भोक आहे.

चार-पाच महिने उभ्या गाडीत आणखी दोन गोष्टी. पेट्रोल शिळं होतं, आणि आताचं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल दमट हवेतलं पाणी शोषतं. टाकीत थोडंच राहिलं असेल तर मेकॅनिककडून काढून घ्या आणि दहा लिटर ताजं भरा. कार्बोरेटर इथेनॉलचा हिशेब आपणहून करत नाही, म्हणून अशी गाडी थोडी लीन झालेली असते. मिक्श्चर ताज्या पेट्रोलवरच लावा. दुसरं म्हणजे कुंभारीण माशी. तिचं मातीचं घरटं सायलेन्सरच्या तोंडात किंवा टाकीच्या हवेच्या नळीत सापडणं नवल नाही.

चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या नंतर बाजारात आल्या. जुनी गाडी त्या भागातून घेतली असेल आणि दोष आज असा, उद्या तसा दिसत असेल, तर ईसीएम आणि ऑक्सिजन सेन्सरचे कनेक्टर उघडून पिनांवर हिरवा गंज आहे का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा बसवा, पण पिन बारीक झाली असेल तर कनेक्टरच बदलावा लागतो.

दुरुस्तीनंतर एमपीएफआय गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटं काढून ठेवा, म्हणजे ईसीएमने शिकलेली जुनी दुरुस्ती पुसली जाते. मग तीस-चाळीस किलोमीटर चालवा आणि शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर चाचणी द्या. जुनी चिठ्ठी सोबत न्या, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघता येतील.