इंग्लंडमधील लग्नात करवली होताना: वधूचा गाऊन कसा सांभाळावा

इंग्लंडमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी मुलीला तिथली मैत्रीण कधी तरी विचारते, "माझ्या लग्नात ब्राइड्समेड होशील का?" हा मान आनंदाने स्वीकारावा, पण कामाची कल्पना आधी करून घ्यावी. आपल्याकडची करवली कऱ्हा घेऊन वधूच्या मागे उभी राहिली की तिचे मुख्य काम झाले. तिकडच्या करवलीच्या हाती मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत वधूचा गाऊन असतो. सरावाने नऊवारी एकटीला नेसता येते, परंतु पाठीवर बटणांची रांग असलेला आणि मागे दीड-दोन मीटर लोळणारा गाऊन एकटीला घालताही येत नाही, काढताही येत नाही.

आधी रंगाविषयी. पांढरा रंग त्या दिवशी वधूचा असतो. 10 फेब्रुवारी 1840 रोजी व्हिक्टोरिया राणीने लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात विणलेले पांढरे साटीन आणि डेव्हनमध्ये विणलेली होनिटन लेस लेवून लग्न केले आणि त्यानंतर ही चाल हळूहळू पसरली. त्यापूर्वी बहुतेक वधू आपल्याजवळचा सर्वांत चांगला पोशाख घालत, मग तो कोणत्याही रंगाचा असो. गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती घरांना पांढऱ्या गाऊनची सवय आहे, इतरांना सांगावे लागते. करवलीचा पोशाख वधूच ठरवते, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. पण आपल्यापैकी कोणी पाहुणी म्हणून साडी नेसून जाणार असेल, तर मोतिया किंवा सायीच्या रंगाची रेशमी साडी, जरीकाठ कितीही भरजरी असला तरी, कपाटातच राहू द्यावी.

गाऊनच्या शेवटच्या फिटिंगला वधूबरोबर अवश्य जावे. लग्नात घालायच्याच चपला आणि आतले कपडे घालून हे फिटिंग करतात, कारण टाचेच्या उंचीत बोटभर फरक पडला तरी पुढची कड पायात येते. त्याच वेळी 'बसल' शिकून घ्यावे. विधी आटोपल्यावर वधूला नाचता यावे म्हणून मागचा घोळ, म्हणजे ट्रेन, उचलून बटणांना किंवा आतल्या फितींना अडकवतात. आपल्या काष्ट्याशी दुरून नाते सांगणारा हा प्रकार आहे. फिती पाच-सहा असतात आणि कोणती कोणत्या फितीला बांधायची हे ऐन वेळी आठवत नाही, म्हणून शिवणाऱ्या बाई दाखवत असताना त्याचे फोनवर चित्रीकरण करावे आणि त्यांच्यासमोरच स्वतः एकदा बांधून पाहावे.

लग्नाच्या सकाळी गाऊन चढवण्यापूर्वी सर्वांनी हात धुऊन कोरडे करावेत. केस आणि रंगभूषा आधी झालेली असते. त्यामुळे शक्य असेल तर गाऊन जमिनीवर गोल पसरून वधूला त्यात पाय टाकायला सांगावे आणि मग तो वर ओढावा. पाठीवरची कापडाने मढवलेली बारीक बटणे दोऱ्याच्या फासांत अडकवायची असतात आणि बोटांनी ती अडकत नाहीत. माझ्यावर हे काम पहिल्यांदा आले तेव्हा दहा मिनिटांत माझी चार बटणे झाली होती आणि दोन नखे मोडली होती. अखेर वधूच्या आईने पर्समधून क्रोशाची सुई काढून माझ्या हातात ठेवली. सुई फासातून घालायची, बटणाच्या मुळाशी अडकवायची आणि फास बटणावरून ओढून घ्यायचा. पुढची पंचवीस बटणे पाच मिनिटांत झाली. तेव्हापासून अशी सुई, पांढरा दोरा, सेफ्टी पिना आणि पांढरा खडू एवढे साहित्य मी जवळ ठेवते. रेशमावर डाग पडला तर पाण्याने घासू नये, कारण पाण्याचाच डाग राहतो. कोरड्या कापडाने टिपून वर खडू फिरवला की दिवस निभावतो. या साहित्याला कमी लेखू नये, ऐन वेळची मोडतोड राजघराण्यालाही चुकत नाही. 1947 साली राजकन्या एलिझाबेथ यांचा मुकुट लग्नाच्या सकाळीच मोडला होता आणि जवाहिऱ्याला तो धावपळीत दुरुस्त करावा लागला होता.

जुने, नवे, उसने आणि निळे असे एकेक काही तरी अंगावर असावे, ही प्रथा अजून पाळली जाते. निळी फीत बहुधा आतल्या बाजूला शिवतात. डाव्या चपलेत सहा पेन्सांचे नाणेही ठेवतात, जे चलनातून 1980 सालीच गेले आहे. यादी करवलीने तपासावी.

गाडीत वधूला ट्रेनवर बसू देऊ नये. ती गोळा करून बाजूला किंवा मांडीवर ठेवावी. 1981 साली डायाना यांची सुमारे साडेसात मीटरची टाफेटाची ट्रेन बंद बग्गीत चुरगळली आणि लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर तिच्या चुण्या साऱ्या जगाला दिसल्या. अमेरिकेत करवल्या वधूच्या पुढे चालतात, परंतु इंग्लंडच्या रीतीप्रमाणे वधू वडिलांबरोबर पुढे आणि करवल्या मागे असतात, हे आपल्या सोयीचेच आहे. दाराशी ट्रेनची दोन्ही टोके धरून थोडी हवेत उचलावी आणि सोडून द्यावी, म्हणजे ती आपोआप पसरते. वेदीपाशी पोहोचल्यावर वधूचा पुष्पगुच्छ आपल्याकडे घ्यावा आणि तोंडावरची जाळीची ओढणी मागे घ्यायची असेल, तर ती कोणी घ्यायची हे आदल्या दिवशीच ठरवावे. वडील आणि करवली दोघेही एकदम पुढे झाले की ओढणीचा कंगवा केसांतून निघतो. साखरपुड्याची अंगठी वधूने तेवढ्या वेळापुरती उजव्या हातात घातली आहे ना, हेही पाहावे.

रात्री निरोप घेण्यापूर्वी वधूला बाजूला घेऊन पाठीवरची वरची आठ-दहा बटणे सोडून द्यावीत आणि उरलेल्यांसाठी क्रोशाची सुई नवरदेवाच्या हाती देऊन, ती कशी चालवायची हे त्याला एकदा दाखवूनच निघावे.