सापाला फ्रीझरमधला उंदीर देताय? या चुका टाळा

इथे इंग्लंडात घरोघरचे पाळीव साप म्हणजे बहुतेक कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप नाहीतर रॉयल पायथन हा लहान जातीचा अजगर, आणि त्यांचं खाणं दुकानात मिळणारे गोठवलेले उंदीर. सोय चांगली आहे. जिवंत उंदीर सापालाच चावू शकतो, तो धोका यात नाही. पण नवशिक्यांची घाई काही सुटत नाही.

ओळखीतल्या एका मुलाने रॉयल पायथनसाठी उंदीर फ्रीझरमधून काढला आणि थेट कढत पाण्यात सोडला. दहा मिनिटांत कातडी मऊ, गरम. सापाने गिळलाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, "सगळं ओकलाय." जाऊन पाहिलं तर पेटीत नाक धरायला लावणारा वास आणि पोट फुगून हिरवट पडलेला, अर्धवट विरघळलेला उंदीर. "देण्याआधी पोट दाबून पाहिलं होतंस?" तर नाही. बाहेरून गरम आणि आत बर्फाचा गोळा असा उंदीर पचण्याआधी पोटातच सडू लागतो.

खरा घोळ पुढे झाला. साप उपाशी राहील म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी नवा उंदीर दिला. तोही बाहेर आला, आणि मग डॉक्टर गाठावा लागला. ओकल्यावर सापाचं पोट सावरायला वेळ लागतो. किमान दहा-बारा दिवस फक्त पाणी ठेवा, पेटीतली ऊब तपासा, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. निरोगी मोठा साप तेवढ्या उपासाने मरत नाही, तुमच्या काळजीपोटीच्या घाईने मात्र मरू शकतो.

मी उंदीर आदल्या रात्री बंद पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. संध्याकाळी पोट बोटांनी चाचपतो. जरा जरी कडक लागलं तरी थांबतो. मग पिशवीसकट कोमट पाण्यात. रॉयल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे गार उंदराकडे तो ढुंकून बघत नाही. म्हणून शेवटी उंदीर कोरडा करून डोक्यावर जरा हेअर ड्रायर धरतो आणि लांब चिमट्याने पुढे करतो.

मायक्रोवेव्ह? कधीच नाही. आतडी शिजतात, पोट फुटतं, कुठे चटका तर कुठे बर्फ.

उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फारसा रुंद नको. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नका. पाहुण्यांना नंतर दाखवता येईल.

आणि स्वयंपाकघरातली भांडी यासाठी वापरू नका. गोठवल्याने साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू, मरत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१५ पासून अशा उंदरांतून पसरलेल्या साल्मोनेलाने कितीतरी माणसं आजारी पडली, त्यात लहान मुलंही होती. चिमटा, वाडगा वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा.

डोळे दुधाळ झाले असतील तर साप कात टाकायला आलाय, बहुधा खाणार नाही. सकाळपर्यंत पडून राहिलेला उंदीर टाकून द्या, पुन्हा फ्रीझरमध्ये नको.