गाडीवरच्या साउंडला प्रोसेसर घेताना

लालबागच्या एका हळदीत माझ्या दोन हॉर्नचे डायफ्राम (आतले कंप पावणारे पातळ पडदे) उडाले, तेव्हा कळलं की सगळे पैसे मी अ‍ॅम्पवर ओतले होते, स्पीकर सांभाळणाऱ्या प्रोसेसरला काहीच ठेवलं नव्हतं.

आता कुणी विचारलं की सांगतो, वेगळा इक्वलायझर, वेगळा क्रॉसओव्हर (बेस-टॉपचा आवाज वेगळा करणारा), वेगळा कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार दाबणारा) असा रॅक भरू नका. टेम्पोत जितक्या वायरी तितकी घरघर. एकच डीएसपी घ्या, म्हणजे ही सगळी कामं एकाच पेटीत करणारा डिजिटल प्रोसेसर. दोन टॉप (मधल्या-बारीक आवाजाचे स्पीकर), दोन बेस असतील तर २ इनपुट, ४ आउटपुट पुरतात. मिड (मधल्या आवाजाचे स्पीकर) वेगळे चालवत असाल तर ६ आउटपुट हवेत. डीबीएक्स कंपनीचा ड्राइव्हरॅक पीए२ तसाच आहे, २ इनपुट, ६ आउटपुट.

लॅमिंग्टन रोडला दुकानदार आधी स्क्रीन दाखवेल. तुम्ही लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर अडवणारा) बघा, प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र हवा. हिशेब सोपा: ५०० वॉट आरएमएस (सतत झेपणारी ताकद), ८ ओहमचा स्पीकर, म्हणजे ५०० गुणिले ८ चं वर्गमूळ, साधारण ६३ व्होल्ट. अ‍ॅम्प त्यापुढे जाणार नाही असा लिमिटर लावायचा. व्होल्ट मोजताना स्पीकर काढून ठेवा, मी एकदा विसरलो होतो.

बेस-टॉपची फोड मी १०० हर्ट्झला करतो, उतार २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह. बेसला खाली ३५ हर्ट्झला हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर), नाहीतर पोर्टवाल्या (हवेचं भोक असलेल्या) पेटीत कोन नुसता हापसत बसतो. बेस टॉपच्या १ मीटर पुढे असेल तर त्याला सुमारे ३ मिलिसेकंद डिले, म्हणजे दोन्ही आवाज एकदम पोचतात.

आणि पॅनेलला लॉक हवंच. नवरदेवाचा मामा नॉब फिरवायला येतोच.